औषधाने व्रत मोडत नाही

आमच्या घरात औषधाची जागा देवघरात आहे. देवांच्या डाव्या हाताला एक लहानसे लाकडी कपाट आहे. त्यात सहाण, चंदनाचे खोड, कापूर, वाती, आणि या सर्वांच्या शेजारी झाकणाची एक पितळी डबी असते. त्या डबीत हिंगाष्टक चूर्ण. माझे वडील ते स्वतः करीत, आणि त्यांच्या पश्चात मी करीत आलो. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग. आठ द्रव्ये कुटून वस्त्रगाळ करावयाची, आणि जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून घ्यावयाची. माझ्या मुलाला मी ते दिले, आणि नातीला दात आल्यापासून देऊ लागलो. एवढाच फरक पडला होता, की हल्लीचा बांधणी हिंग, म्हणजे बाजारात पुडीत तयार मिळणारा, मला पूर्वीसारखा उग्र वाटेनासा झाला होता. म्हणून आठव्या द्रव्याचे प्रमाण मी दुप्पट केले होते. हिंग असा निस्तेज का झाला असावा, याचा विचार मात्र मी कधी केला नाही. तो केला असता तर ही हकिगत लिहावी लागली नसती.

आम्ही जळगावात मेहरूणला, तलावापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. घरात चार माणसे. मुलगा रेल्वेत आहे, सकाळच्या गाडीने भुसावळला जातो आणि दिवेलागणीला परततो. सूनबाई घरी शिकवण्या घेतात. मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो आहे. चौथी आमची नात. या गोष्टीच्या वेळी ती नऊ वर्षांची होती, पण पाहणारे तिला सहाची म्हणत. शाळेच्या प्रार्थनेला मुली उंचीच्या क्रमाने उभ्या राहतात. आमची नात पहिलीपासून रांगेत सर्वांत पुढे. चेहरा पांढुरका, हातपाय काटकुळे, आणि पोट मात्र जेवणानंतर असे फुगे की फ्रॉकचे बटण लागू नये. मी चूर्ण देत होतो. पोट फुगत होते. पोट फुगते म्हणून मी चूर्ण देत होतो.

शेवटी सूनबाईंनी तिला शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे नेले. रक्त तपासले, मग दुर्बिणीतून आतडे तपासले, आणि निदान झाले सीलिअॅक. डॉक्टर मोठे शांत गृहस्थ. त्यांनी मला सांगितले की गहू आणि जव यांच्यात ग्लुटेन नावाचा एक चिवट पदार्थ असतो. तो हिच्या शरीराला शत्रू वाटतो, आणि त्या शत्रूशी लढताना शरीर आपल्याच आतड्याचे अस्तर झिजवून टाकते. त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू जन्मभर सोडावयाचा, कणभरही चालणार नाही. तसे केले तर मूल इतरांसारखे वाढेल, न केले तर खुंटेल.

घरी येताना नात रिक्षात माझ्याजवळ बसली होती. मग तिने विचारले, मी काय केलं म्हणून मला पोळी नाही? त्या प्रश्नाने मी हललो. पथ्य हा शब्द आजाऱ्याचा आहे, आणि मुलाला तो शिक्षेसारखा वाटतो. माझ्यापाशी त्याहून चांगला शब्द होता. संक्रांतीच्या दिवशी मी तिला पाटावर बसवले, उजव्या हातावर पळीभर पाणी दिले आणि तिच्याकडून यथाविधी संकल्प सोडवला, गोधूमवर्जन व्रताचा. गोधूम म्हणजे गहू. तिला तो शब्द फार आवडला. शाळेत मैत्रिणींनी डबा पुढे केला की ती सांगे, माझं गोधूमवर्जन आहे. मुलींना ते काहीतरी थोर वाटे. दोघींनी आपल्यालाही ते हवे म्हणून घरी हट्ट धरला, असे कानावर आले.

संकल्प सुटला आणि घराचा नूर पालटला. गव्हाची परात, लाटणे, तवा, चाळणी वेगळी झाली. नातीची भांडी वेगळ्या फळीवर, त्यांना कोणी कणकेचा हात लावायचा नाही. लावलाच तर साबणाने धुऊन पुन्हा. माझ्या सोवळ्याची या घरात वर्षानुवर्षे थट्टा झालेली आहे. पूजेच्या वेळी मला कोणी शिवू नये, उष्टा हात पाण्याच्या हंड्याला लागू नये, यावर सूनबाई अत्यंत आदराने हसत आल्या. आता त्याच सूनबाई ओट्यापाशी उभ्या राहून नवऱ्याला बजावीत होत्या, की पोळीचा हात लावलात, आता तो डबा गेला. मी बाहेर जप करीत बसलो होतो. मणी ओढता ओढता मला हसू आवरेना, आणि जप पहिल्यापासून मोजावा लागला.

भाकरीचा प्रश्न आमच्या खान्देशात अवघड नव्हता. ज्वारी, बाजरी, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि त्यावर भरीत, हे तर येथले मूळचे जेवण. अडचण होती ती चक्कीची. जिच्यात दिवसभर गहू पडतो, तिच्यात दळलेली ज्वारी निर्मळ कशी राहावी? आमचा चक्कीवाला मूळचा धुळ्याकडचा. मी त्याला सर्व समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे चक्की उघडून, दगड काढून, झाडून, सर्वांत आधी आमची ज्वारी दळू लागला. मी डबा घेऊन गेलो की आपल्या अहिराणीत म्हणे, "आबा, दगड झाडीसन ठियेल शेतस. गहू बठ्ठा नंतर दयसू." म्हणजे दगड झाडून ठेवले आहेत, गहू सगळा नंतर दळू. त्याच्या भुवयांवर पिठाचा कण नसला की मी ओळखायचो, आज पहिले दळण आपलेच.

मग आषाढात एके दिवशी सूनबाईंनी जेवायला वाढताना सांगितले, की आजपासून फोडणीत हिंग बंद. मी कारण विचारले नाही. स्वयंपाक हा त्यांचा अधिकार, आणि सासऱ्याने वरणाच्या फोडणीची मीमांसा करू नये, असे माझे मत आहे. मी आपला तर्क केला, की मुलीला उग्र वाटत असेल. परंतु हिंगावाचून वरण जड, आणि जड वरणाने पोट फुगणार. तेव्हा जी उणीव फोडणीत राहिली, ती मी चूर्णाने भरून काढली. एकवेळचे चूर्ण दोनवेळ झाले. लहान चमचा अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी, साजूक तुपात. ती जेवायला बसण्यापूर्वी देवघरात येई, जीभ बाहेर काढी, मी चमचा ठेवी, ती डोळे मिटून गिळी आणि तिखट लागले की दोन उड्या मारी.

भाद्रपदात पुन्हा रक्त तपासले. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. शरीर गव्हाशी किती लढते आहे हे सांगणारा जो आकडा उतरायला हवा होता, तो जेथल्या तेथे होता. त्यांनी सौम्यपणे विचारले की हिच्या पोटात कोठून तरी गहू जातो आहे, आठवून पाहा. सूनबाईंनी घरातले एकूण एक सांगितले. मीही सांगितले. भाकरी, भात, वरण, केळी, दूध, शेंगदाण्याचे लाडू. चूर्णाचा उच्चार मी केला नाही. लपवले म्हणून नव्हे. धर्मशास्त्राचा नियम मला विद्यार्थिदशेपासून पाठ आहे, की पाणी, फळ, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही. डॉक्टर विचारीत होते ते व्रताविषयी. औषध त्या कक्षेबाहेरचे. माझ्या मनाच्या ज्या कप्प्यात नातीचा आहार होता, त्यात ती डबी नव्हतीच. ती देवघराच्या कपाटात होती.

घरातला गहू सापडेना, तेव्हा संशय घराबाहेर गेला. चक्कीवर गेला. त्या बिचाऱ्याने सूनबाईंसमोर दगड उलटे करून दाखवले. तेथून संशय शाळेत गेला, आणि शाळेतून, हे लिहिताना जड वाटते, तो त्या मुलीवरच आला. ती कोणाच्या तरी डब्यातले खात असेल. लहान आहे, मन होत असेल. सूनबाई रोज तिच्या दप्तराचा तळ चाचपून पाहू लागल्या. वाढदिवसाची आमंत्रणे बंद झाली. ती सारखे सांगत होती की मी काही खाल्ले नाही. एका संध्याकाळी मीही तिला जवळ बसवून सत्याचे माहात्म्य सांगितले. खरे बोलणाऱ्याला भय नसते, चूक झाली असेल तर आबांपाशी सांगावी, आबा रागावणार नाहीत. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "आबा, तुम्हालापण वाटतं?"

मग वेळ झाली म्हणून तिला देवघरात नेले आणि चूर्ण दिले.

याच सुमारास, दिवाळी होऊन गेल्यावर, धुळ्याहून माझ्या धाकट्या बहिणीची नात आली. तिला आमच्या घरी थोरली म्हणतात, कारण ती आमच्या नातीची थोरली बहीण लागते. ती सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. सीलिअॅक असलेल्या मुलांच्या तोंडात आणि आतड्यात कोणते जंतू असतात, त्यांच्या घरातल्या निरोगी माणसांच्या ठिकाणी कोणते, यावर तिचे काम चालले होते. तिने आधी फोनवर मुलाची आणि सूनबाईंची संमती घेतली होती, कागदावर सह्या घेतल्या, आणि मग बसने बर्फाची एक पेटी मांडीवर घेऊन ती जळगावात उतरली. पेटी तिने फ्रिजजवळ नेली नाही. ओसरीतल्या खुर्चीखाली ठेवली आणि माझ्याकडे पाहून हसली. आमच्याकडे उष्ट्याचा विधिनिषेध किती आहे, हे तिला तिच्या आजीने सांगून पाठवलेले दिसले.

कारण तिला हवे होते ते उष्टेच. लाळ. प्रत्येकाने एका नळीत खुणेपर्यंत लाळ द्यायची. (दुसऱ्याही एका नमुन्याच्या डब्या तिने आणल्या होत्या. त्यांविषयी लिहिणे प्रस्तुत नाही. तेवढे कर्तव्य प्रत्येकाने एकांतात पार पाडले.)

मी तिला विचारले की रोग आतड्याचा, मग तोंडाशी काय काम? तिने ओसरीत मांडी घालून मला समजावले, आणि इतके नीट समजावले की मी शिक्षक असल्याचा मला विसर पडला. ग्लुटेन हा फार लांब, गुंतलेला धागा. आपल्या पोटातले पाचक रस तो पुरता तोडू शकत नाहीत, काही तुकडे लांबच राहतात. पण तोंडातल्या काही जंतूंपाशी हा धागा तोडण्याची कात्री असते. घास लाळेत भिजला की त्यांचे काम सुरू होते. पुढे आतड्यात दुसरे जंतू आहेत. त्यांतले काही उरलेला तुकडा असा तोडतात की तो निरुपद्रवी होतो. काही मात्र अशा जागी तोडतात की उरलेल्या तुकड्याने शरीराचे पहारेकरी अधिकच खवळतात.

मी म्हणालो, हा तर पदच्छेद झाला. आम्ही मुलांना शिकवीत असू. 'नदीन' हा शब्द. नदी आणि इन असा तोडला तर नद्यांचा स्वामी, समुद्र. न आणि दीन असा तोडला तर जो दरिद्री नाही तो. अक्षरे तीच, तोडणारा कुठे तोडतो यावर अर्थ. लांब समास मुळात न तोडताच पुढे गेला तर ऐकणारा गोंधळतो, आणि भलत्या जागी तोडला तर भांडण लागते.

थोरलीने ते आपल्या वहीत लिहून घेतले. वर म्हणाली की मार्गदर्शक बाईंना सांगते, पण त्या संस्कृतला घाबरतात.

मग मी अधीर होऊन विचारले, म्हणजे आमच्या मुलीच्या तोंडात चांगले जंतू भरले की ती पोळी खाऊ शकेल? तिने मान हलवली. या मुलांच्या जंतूंचा मेळ निराळा असतो असे दिसते खरे. पण जंतू निराळे म्हणून रोग झाला, की रोगाने आतडे झिजले म्हणून जंतू निराळे झाले, की नुसते पथ्याने बदलले, हे अजून उलगडलेले नाही. आज उपाय एकच, गहू नको. तिचे ते 'अजून उलगडलेले नाही' मला फार भावले. आमच्या गुरुजींपाशीही हे वाक्य होते, आणि ज्यांच्यापाशी ते नव्हते त्यांच्याकडे मी फार दिवस शिकलो नाही.

जेवताना मी रोज ताटाभोवती पाणी फिरवून बाजूला भाताची चार शिते ठेवतो, दिसत नाहीत त्या जीवांसाठी. त्या दिवशी समजले, की पंगत ताटाबाहेरच नाही, आतही बसलेली आहे, आणि माझ्या प्रत्येक घासाला असंख्यांचा हात लागतो. सोवळे नेसून एकट्याने जेवण्याचा माझा एवढा अभिमान, आणि मी जन्मात कधी एकटा जेवलोच नव्हतो. मनुष्याने अशा वेळी खट्टू व्हावे की प्रसन्न? मी प्रसन्न झालो.

लाळ मात्र येईना. नात, सूनबाई, मुलगा, सर्वांच्या नळ्या भरल्या. मी पडलो आयुष्यभर आचमन करून तोंड स्वच्छ ठेवणारा, चारचौघांत थुंकणे माझ्या प्रकृतीतच नाही. नळी हातात धरून मी भिंतीकडे तोंड केले. अर्धी घटका गेली, तळाशी दोन थेंब. मागून नात म्हणाली, "आबा, आज एकादशी आहे का तोंडात?" सूनबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मग नातीनेच उपाय सांगितला, की चिंचेचा विचार करा. चिंचेने काही झाले नाही. तेव्हा मी आखाजीच्या मांड्यांचा विचार केला. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. त्या दिवशी येथे पुरण भरलेला मांडा दोन हातांवर झेलत झेलत पंच्याएवढा पसरतात आणि उपड्या खापरावर टाकतात. तूप, आमरस. नळी खुणेपर्यंत भरली.

नळ्या पेटीत गेल्यावर थोरलीने छापील अर्ज काढला. वर प्रश्न होता, गेल्या सात दिवसांत तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट. मला ही वाक्यरचना ओबडधोबड वाटली. मी सुचवले की 'खाल्लेली' म्हणावे, ते अधिक शुद्ध आहे.

"नाही आबा," ती म्हणाली. "खाल्लेली म्हटलं की लोक मंजन सांगत नाहीत, गोळ्या सांगत नाहीत, तीर्थ सांगत नाहीत. आम्हाला तोंडाशी काम आहे. जे तोंडात गेलं ते सगळं."

व्याख्या चोख होती. मी मान्य केली, आणि नातीच्या वतीने मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. सकाळी तीर्थ, तुळशीचे पान. मग जेवणाआधी, दोन्ही वेळा, हिंगाष्टक चूर्ण, घरी केलेले.

तिचे पेन थांबले. तिने विचारले की त्यात काय काय असते. मी क्रमाने आठही सांगितली. ती म्हणाली, हिंग बघू. मी कपाटातून हिंगाची पुडी काढून दिली. तिने ती उलटीसुलटी केली आणि मला परत दिली. "आबा, तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा."

जुन्या पोथ्या वाचायला मी भिंग वापरतो. पुसट झालेली, वाळवीने खाल्लेली अक्षरे लावण्यात माझी हयात गेली. ही पुडी वर्षानुवर्षे माझ्या हातात येत होती, पण तिच्यावरची अक्षरे मी कधी वाचली नव्हती. भिंग धरले. बारीक इंग्रजी अक्षरांत प्रथम लिहिले होते गव्हाचे पीठ, मग डिंक, आणि हिंग सर्वांच्या शेवटी.

हिंग निस्तेज का झाला, ते तेव्हा कळले. तो हिंग कमी आणि कणीक जास्त होता. आणि तो निस्तेज म्हणून मी दुप्पट घालीत होतो. वर दोन वेळा देत होतो.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सूनबाई ज्वारीचे पीठ मळत होत्या. मी जे होते ते सांगितले. त्यांचे हात परातीत तसेच राहिले. त्या म्हणाल्या, "दोन महिने मी लेकीच्या दप्तरात बिस्किटाचा चुरा शोधत होते, आबा."

मी म्हटले की हिंग बंद केलात, त्याचे कारण मी विचारायला हवे होते. त्या म्हणाल्या की कारण मीच सांगायला हवे होते, हिंगात गहू असतो हे एका पालकाकडून कळले तेव्हा घाईत नुसते बंद केले, आणि देवघरातली डबी माझ्याही ध्यानात आली नाही. मग हात धुता धुता, डोळे पुसता पुसता, त्या एकदम हसू लागल्या. "म्हणजे सोवळं माझ्या ओट्याला," त्या म्हणाल्या, "आणि ओवळं तुमच्या देवघरात."

हे वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखे चालते. मुलगा तर पाहुण्यांनाही सांगतो.

एक काम उरले होते. नात ओसरीत बर्फाच्या पेटीला पाठ लावून बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. या वयात खाली बसणे हा एक सोहळा आहे, तो तिने शांतपणे होऊ दिला. मी सांगितले, "तू खरे बोलत होतीस. गहू मी देत होतो, चूर्णातून. मला ठाऊक नव्हते, पण मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता." आणि मी हात जोडले.

तिने माझे हात सोडवले. तिला पडलेली काळजी वेगळीच होती. "मग माझं व्रत मोडलं का?"

मी म्हणालो, तुझे नाही मोडले. ज्याने मोडले त्याने प्रायश्चित्त घ्यायचे असते. तिने विचार केला. प्रायश्चित्त कोण ठरवते, असे विचारले. मी म्हटले, ज्याच्यावर अन्याय झाला तो. तेव्हा तिने आत जाऊन दप्तरातून एक कोरी वही आणली, पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'आबांच्या तोंडात गेलेलं सगळं', आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. आखाजीपर्यंत रोज लिहायचे. संध्याकाळी ती तपासणार.

थोरलीने नातीच्या नळीवरची चिठ्ठी खोडली. पथ्यावरचे मूल म्हणून ती लाळ घेतली होती, आणि मूल तर पथ्यावर नव्हते. सहा महिन्यांनी नवी घेईन, असे सांगून ती धुळ्याला परतली. जाताना पितळी डबी चिंचेने घासून, उकळत्या पाण्यात धुऊन तिने पालथी घालून ठेवली. त्याच आठवड्यात सूनबाईंनी डॉक्टरांना सर्व कळवले. ते रागावले नाहीत. त्यांनी आपल्या पथ्याच्या कागदावर एक ओळ वाढवली, असे नंतर समजले. घरगुती चूर्णे, काढे, प्रसाद, सर्व विचारणे. माझ्या नावावाचून माझी एवढीच नोंद वैद्यकशास्त्रात झाली आहे.

वही मी लिहीत राहिलो. पहिल्याच आठवड्यात नातीने तीन चुका काढल्या. मंजन लिहिले नव्हते. शेजारच्या कथेचा प्रसाद लिहिला, पण तो रव्याचा होता हे लिहिले नव्हते. आणि आचमनाचे तीन घोट मी एक म्हणून लिहिले होते. शेवटच्या चुकीवर मी वाद घातला. मी हरलो.

चैत्रात रक्त तपासले. आकडा निम्म्याहून खाली आला होता. डॉक्टरांनी प्रथमच तिच्याशी हात मिळवला, आणि असेच चालू ठेवायचे म्हणाले. त्याच महिन्यात ती शाळेतून पळत आली आणि दारातूनच ओरडली की प्रार्थनेच्या रांगेत ती तिसरी झाली. पुढे दोघी बुटक्या आहेत, असे तिने फार दयेने सांगितले.

आखाजीच्या दिवशी थोरली पुन्हा बर्फाची पेटी घेऊन आली. गल्लीत खापरे तापली होती, शेजारच्या अंगणात बायका मांडे झेलत होत्या, आणि कणकेचा व तुपाचा वास ओसरीपर्यंत येत होता. थोरलीने मला सांगितले की मांडा तुटल्यावाचून हातावर एवढा पसरतो, तो ग्लुटेनच्याच बळावर. मी नातीकडे पाहिले. जन्मभर हा वास येणार, आणि जन्मभर ती तो नुसता घेणार, या विचाराने मला थोडे कासावीस व्हायला झाले. सूनबाईंनी तिच्यासाठी तांदळाच्या पिठाच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. त्या पसरल्या नव्हत्या, कडेला चिरल्या होत्या, आणि वहीत माझ्याही नावावर त्याच लिहिल्या जाणार होत्या.

थोरलीने दोन नळ्या पुढे केल्या. या खेपेला मी तरबेज होतो. मांड्याचा विचार करावा लागला नाही, वासच पुरला. मी नळी भरून नातीकडे वळलो आणि म्हणालो, बघ, तूही मांड्याचा विचार कर, लगेच येईल.

तिने डोळे मिटले, क्षणभर थांबली, आणि डोळे उघडले.

"नाही येत, आबा. मला आता त्याची चवच आठवत नाही." मग तिने पुन्हा डोळे मिटले. "थांबा. भरीत. कळण्याची भाकरी आणि भरीत, वरून कच्चं तेल."

नळी खुणेच्या वर गेली. थोरली म्हणाली, पुरे पुरे. मी वही उघडली आणि दिवसाची पहिली ओळ लिहिली, तीर्थ, तीन घोट आचमन, तुळशीचे पान. नात खांद्यावरून वाचत होती. तिने बोट ठेवून विचारले की मंजन कुठे आहे.

मंजन राहिले होते.